कंपनी कायदा आमच्या पोरांनी का शिकायचा?

देवगडच्या वस्तीतून आम्ही काहीजण मुंबईला एलएल.बी.ला गेलो तेव्हा सल्ला एकच मिळाला : संविधान आणि अ‍ॅट्रॉसिटी कायदा नीट वाचा, कंपनी कायदा पास होण्यापुरता करा, तो शेठजींचा विषय आहे. आम्हाला हा सल्ला मान्य नाही. बाबासाहेबांनी स्वतः १९२५ पासून मुंबईच्या बाटलीबॉय अकौंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवला होता, हे सल्ला देणारे विसरतात.

पहिला धडा सालोमन खटल्याचा. १८९६ साली इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवले की कंपनी ही मालकाहून वेगळी व्यक्ती आहे. ती मालमत्ता घेते, दावा लावते, भागधारक मेले तरी टिकते. वर्गात आम्हाला महाड आठवले. कागदावरची नोंदणी व्यक्ती ठरल्यावर तीस वर्षांनी, १९२७ साली, हाडामांसाच्या माणसांना तळ्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला!

दुसरा धडा मतांचा. साध्या कंपनीत मत शेअरला असते, माणसाला नाही. पण २००२ साली कायद्यात उत्पादक कंपनी आली. किमान १० उत्पादक ती काढू शकतात. सगळे सभासद व्यक्तीच असतील तर शेअर कितीही असोत, प्रत्येकाला मत एकच. राजकारणात समता आणि आर्थिक जीवनात विषमता, या विसंगतीचा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. त्या विसंगतीवर बोट ठेवणारे कलम कंपनी कायद्यातच आहे.

आता प्रश्न असा, की उत्पादक कोण? आमच्याकडे हापूसची कलमे ज्याच्या सातबाऱ्यावर, तो बागायतदार. झेल्याने आंबा उतरवणारा, रात्री राखण करणारा, पेटी भरणारा तो फक्त मजूर. जमीन कोणाच्या नावावर का गेली, हे कोकणाला सांगायला नको. खोती मोडण्याचे विधेयक बाबासाहेबांनी १९३७ सालीच मांडले होते.

कायद्याची व्याख्या मात्र रुंद आहे : प्राथमिक उत्पादनाशी संबंधित कोणतेही काम करणारी व्यक्ती. त्यात सातबारा हा शब्द नाही. ती अट घुसते ती कंपनीची नियमावली लिहिताना, आणि नियमावली लिहायला बसतो तो ज्याला कायदा येतो.

कोणी म्हणेल, मजुराकडे भांडवल कुठे? भांडवल नसेलही. पण सभासदत्व मिळाले तर सभेत त्याचे मत बागायतदाराच्या मताइतकेच भरते. तेवढ्याने दारिद्र्य जाणार नाही, पण मजुरीचा दर ठरताना तो दाराबाहेर उभा राहणार नाही.

म्हणून आमचे सांगणे आहे : कोर्टात लढणारे वकील हवेतच, पण नियमावलीचा मसुदा लिहिणारेही आपल्यातूनच तयार झाले पाहिजेत.

जयभीम!