जुनी सीडी सोबत आणा

गोंदिया जिल्ह्यातल्या देवरी किंवा आमगावकडची, सिझेरियन होऊन दोन-तीन वर्षं झालेली एखादी बाई पोटाच्या भिंतीतली टणक गाठ दाखवायला येते, तेव्हा सोनोग्राफी करणारा डॉक्टर आधी विचारतो, पाळीत जास्त दुखते का? दुखत असेल तर टाक्यांच्या व्रणातलं एंडोमेट्रिओसिस असू शकतं. तसं नसेल आणि गाठ स्नायूला धरून वाढत असेल, तर डेस्मॉइड ट्यूमर आठवायला हवा. दहा लाखांत वर्षाला दोन-चार जणांना होणारा आजार. पटकन आठवत नाही.

एमआरआयमध्ये तो नीट दिसतो. टी-टू चित्रात पेशींनी भरलेला भाग उजळ, त्यातून गेलेले कोलॅजनचे पट्टे काळेशार आणि कडेला स्नायूच्या आवरणावरून सरकलेलं बारीक शेपूट. हे शेपूट नजरेतून सुटलं की गाठीची हद्दच चुकते. शिक्कामोर्तब मात्र सुईच्या बायोप्सीनेच.

ही गाठ दूरच्या अवयवांत पसरत नाही, पण आजूबाजूला घुसते. पूर्वी ती दिसली की कापत, आणि कित्येकांना ती पुन्हा यायची. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक तज्ज्ञांच्या सहमतीने क्रम बदलला: आधी लक्ष ठेवायचं, एक-दोन महिन्यांत पहिला एमआरआय, मग तीन ते सहा महिन्यांनी. सोराफेनिब या औषधाच्या 2018 च्या चाचणीत औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांतही 20 टक्के रुग्णांची गाठ लक्षणीय आक्रसली होती. थांबण्याला आधार आहे तो असा.

वाढतच गेली तर औषधं. कमी मात्रेतलं मेथोट्रेक्सेट-विनब्लास्टिन किंवा सोराफेनिब. हे सोराफेनिब एकेकाळी महिन्याला सुमारे 2 लाख 80 हजारांचं होतं. 9 मार्च 2012 ला मुंबईच्या पेटंट कार्यालयाने नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना दिला आणि तिच्या गोळ्यांची किंमत महिन्याला सुमारे 8,800 रुपयांवर आली. देशातला तो पहिलाच असा परवाना. विदर्भातल्या शेतकरी घराला या निकालाचं मोल किती, हे वेगळं सांगायला नको.

गोंदियात 2016 पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तरीही अशा दुर्मिळ गाठीसाठी नागपूर गाठावं लागतं, नाहीतर विदर्भ एक्स्प्रेसने रात्र काढून मुंबईचं टाटा रुग्णालय. धानकापणीच्या दिवसांत तेही जड जातं. म्हणून एमआरआयच्या रिपोर्टमध्ये 'गाठ जवळपास तेवढीच' असं मोघम लिहिणं हा रुग्णावर अन्याय आहे. तिन्ही मापं, तीही मागच्याच पातळीवर घेतलेली. उजळ भाग कमी झाला की वाढला. शेपूट कुठवर पोचलं, हे सगळं लिहायला हवं. आकार तोच राहून काळे पट्टे वाढले, तर गाठ निवत चालल्याची ती खूण असू शकते, आणि जुन्या एमआरआयची सीडी शेजारी लावल्याशिवाय ती ओळखता येत नाही.