न भेटलेल्यांचं देणं

मोरा बंदरावर लाँच पकडायला घाई केली की माझी छाती आवळायची, थांबलं की मोकळी व्हायची. ओहोटीला गाळामुळे लाँचची पंचाईत होते, तरी मी सावकाश चढेपर्यंत थांबणारा सारंग माझा पहिला धनको.

दुसरी मुंबईतल्या सीटी विभागातली तंत्रज्ञ मुलगी; छातीच्या या दुखण्यासाठी तिथे माझ्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांचं सीटी स्कॅन होतं. हृदय जोरात धडधडत असलं तर चित्र पुसट येतं, म्हणून तिने गोळी देऊन मला बसवून ठेवलं. "काका, नाडी साठच्या आसपास येऊ दे, घाई नाही." मग शिरेतून औषध, अंगभर ऊब, "श्वास घ्या, धरा", आणि संपलं. रक्तवाहिनीत चरबीचा थर होता, पण अडथळा निम्म्याहून कमी. डॉक्टर म्हणाले, "स्टेंट नको. स्टॅटिन आणि अ‍ॅस्पिरिन रोज घ्यायची." एवढे पैसे घालून नुसत्या गोळ्या? घरात सगळ्यांची तोंडं पडली.

तेव्हा डॉक्टरांनी स्कॉटलंडचा विषय काढला. तिथे छातीत दुखणाऱ्या 4,146 जणांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले होते. एकाला नेहमीच्या तपासण्या, दुसऱ्याला त्यांच्या जोडीला सीटी. पाच वर्षांचा हिशेब 2018मध्ये छापून आला. सीटीवाल्यांत 48 जणांना हृदयविकाराचा झटका आला किंवा त्या विकाराने मृत्यू आला, नुसत्या नेहमीच्या तपासण्यांच्या गटात 81 जणांना. स्टेंट आणि बायपास दोन्हीकडे जवळजवळ सारखेच. सीटीमुळे नेमक्या माणसांना गोळ्या वेळेवर सुरू झाल्या, हेच या फरकाचं मुख्य कारण मानलं जातं.

सीटीचा जनक गॉडफ्रे हाउन्सफील्ड. त्याला 1979चं नोबेल मिळालं, जगाने त्याचे उपकार मानले. मला मात्र त्या 81 जणांचं देणं जड वाटतं. आपली चिठ्ठी कुठल्या गटाची निघेल हे ठाऊक नसताना त्यांनी होकार दिला होता. त्यांचा आकडा नसता तर 48 या आकड्याला अर्थच नव्हता. सारंगाला चहा पाजता येतो. यांना काय द्यायचं?

मोरा-उरणकडे कुणाची छाती चालताना आवळत असेल, तर हृदयरोगतज्ज्ञांना भेटा आणि सीटीबद्दल विचारा. गोळ्या दिल्या तर मनाने बंद करू नका. आणि बसल्या जागीही दुखणं थांबत नसेल, तर सीटीची वाट न पाहता थेट रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठा.