इंग्रजी क्रियापदांची शेपटे

इंग्रजी भाषेशी आमचा परिचय होऊन आता चाळिसांहून अधिक वर्षे लोटली, आणि त्यांतील निम्म्याहून जास्त वर्षे ती शिकण्यात नव्हे, तर शिकविण्यात गेली. या अवधीत यवतमाळच्या आसपासच्या खेड्यांतून आलेल्या विद्यार्थ्यांना खरी धास्ती कशाची वाटते हे आम्ही पाहत आलो आहो. ती शेक्सपिअरची नव्हे, मिल्टनचीही नव्हे. ती आहे 'अप', 'ऑफ', 'आउट', 'इन' अशा इवल्याशा शब्दांची. 'पुट' म्हणजे ठेवणे, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पण 'पुट ऑफ' म्हणजे लांबणीवर टाकणे, 'पुट आउट' म्हणजे विझविणे, 'पुट अप' म्हणजे पाहुण्यास उतरवून घेणे, आणि त्यालाच आणखी एक 'विथ' चिकटला की सोसणे! मूळच्या ठेवण्याचा येथे मागमूसही उरत नाही. मग बिचारा विद्यार्थी आपल्या समजुतीने वाट काढतो. 'लुक' म्हणजे पाहणे आणि 'आफ्टर' म्हणजे नंतर. तेव्हा 'आय विल लुक आफ्टर' म्हणजे 'नंतर पाहीन' असे एकाने परीक्षेत लिहिले होते. उत्तर चूक खरे, पण त्यातील तर्कास आम्ही मनोमन पैकीच्या पैकी गुण दिले.

ही अडचण आजची नव्हे. डॉ. जॉन्सन यांनी १७५५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत, क्रियापदास असे अव्यय जोडून अर्थ पालटण्याची रीत परकीयांस फारच जड जाते, हे नमूद करून ठेविले आहे. या प्रयोगांस 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव रूढ झाले ते मात्र बऱ्याच उशिरा. लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी १९२५ सालच्या आपल्या ग्रंथात ते वापरले आणि त्याचे श्रेय ऑक्सफर्ड कोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांना दिले. म्हणजे भाषेत शतकानुशतके नांदणाऱ्या या मंडळींचे बारसे झाले ते अगदी अलीकडे.

परंतु हे कोडे एकट्या इंग्रजीचे, असा जो समज आपल्याकडे आहे तो आम्हांस मान्य नाही. आपण 'उरकून टाकतो', 'फेडून टाकतो', मनातले 'सांगून टाकतो'. यांत कोणी काय कोठे टाकलेले असते? 'भलतेच बोलून बसलो' म्हणणारा गृहस्थ उभाही असू शकतो. त्या 'बसण्या'त असतो तो केवळ पश्चात्ताप. 'पाहतो' म्हणणारा कारकून आणि 'पाहून घेतो' म्हणणारा वैरी यांतील भेद सांगण्यास मराठी माणसाला व्याकरण उघडावे लागत नाही. आणि ज्या 'पुट अप विथ'ने विद्यार्थी घायकुतीस येतात, त्याचे मराठी 'खपवून घेणे' हे तरी कोठे सरळ आहे? माल खपतो, माणूस कष्टाने खपतो. अपमान खपवून घेण्यात विक्री कोणती आणि खरेदी कोणती? आपले व्याकरण यांपैकी बहुतेकांस संयुक्त क्रियापदे म्हणते आणि पुढच्या प्रकरणाकडे वळते.

आमच्या वऱ्हाडाने तर यावरही कडी केली आहे. येथे माणूस 'येत आहे' असे न म्हणता 'येऊन रायला' म्हणतो. आमच्या एका स्नेह्यांकडे पुण्याचे पाहुणे यावयाचे होते. बसस्थानकावर उतरून त्यांनी दूरध्वनी केला, तेव्हा यजमान उत्तरले, "थांबा, मी येऊनच रायलो." यजमान येऊन कोठे राहिले आहेत, याचा पाहुण्यांनी स्थानकभर शोध केला! 'राहणे' या साध्या धातूने पुणेकराची जी त्रेधा उडविली, तीच 'अप' आणि 'ऑफ' आमच्या पोरांची उडवितात.

मात्र पाहुण्यांची फजिती हसण्यावारी जाते, विद्यार्थ्याची जात नाही. आपल्याकडील पुस्तकी इंग्रजी बहुतांशी लॅटिन वळणाची. दिवा 'एक्स्टिंग्विश' करावा, त्रास 'टॉलरेट' करावा, सभा 'पोस्टपोन' करावी. हे शब्द धिप्पाड दिसतात, पण असतात सरळ. एका शब्दास बहुधा एकच अर्थ, कोशात पाहिला की संपले. मराठीत जसे 'स्थगित करणे' आणि 'पुढे ढकलणे' यांचे नाते, तसेच 'पोस्टपोन' आणि 'पुट ऑफ' यांचे. घरात इंग्रजी ऐकत वाढलेल्यांना दुसऱ्या जातीचे शब्द आपोआप मिळतात. ज्याच्या घरी पदवीच पहिल्यांदा आली, त्याला केवळ पहिल्या जातीचे. आमच्या एका हुशार विद्यार्थ्यास नोकरीच्या मुलाखतीत कोणी सहज विचारले, 'हाऊ डिड यू एंड अप हिअर?' त्यातला प्रत्येक शब्द त्याला शाळेपासून ठाऊक. पण 'एंड' ऐकताच आपला शेवट कशाने झाला असे हे विचारीत आहेत, या विचाराने तो गप्प झाला. समोरच्यांनी त्या मौनाचा अर्थ काय घेतला असेल, तो वाचकांनीच ताडावा.

मौज अशी की हीच शेपटे आता मराठीत राजरोस घुसली आहेत. दुचाकी 'पिकअप घेत नाही', कापूस भरून जिनिंगकडे जाते ती गाडी 'पिकअप', फलंदाज 'रनआउट' होतो, एखाद्याचा 'मूड ऑफ' होतो. इंग्रजीतील क्रियापदाचे मराठीने नाम करून टाकले आणि त्याला आपले 'घेणे', 'होणे' जोडले. मुलगा 'पासआउट झाला' असे आपण अभिमानाने सांगतो, तेव्हा एखादा इंग्रज पाणी आणावयास धावेल. कारण त्याच्या लेखी तो मूर्च्छित पडलेला असतो. आम्ही यास दोष देत नाही. शब्द ज्याच्या घरी राहावयास आला, त्याच्या घरची रीत त्याने पाळावी.

पण एक शेपूट असे आहे की ज्याची आम्हांस चिंता वाटते. राळेगावकडील एक शेतकरी, आमच्या विद्यार्थिनीचे वडील, वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन आमच्याकडे आले होते. बँकांनी बड्या कर्जदारांची कर्जे 'राइट ऑफ' केल्याची ती बातमी होती. ते म्हणाले, "सर, मोठ्याइचं माफ झालं म्हन्ते. मंग आमचं कामून नाई?" प्रश्न रास्त होता आणि त्याची उत्तरे पुष्कळ आहेत, परंतु त्यातील भाषेपुरता गुंता आम्ही सोडवू शकत होतो. कर्जमाफीस इंग्रजीत 'वेव्हर' म्हणतात. २००८ साली केंद्राने आणि २०१७ व २०१९ साली राज्याने जाहीर केली ती माफी. तिच्यात बसणाऱ्या शेतकऱ्याचे तेवढे देणे सरकार भरते. 'राइट ऑफ'मध्ये बँक बुडीत दिसणारी रक्कम आपल्या ताळेबंदातून काढते, पण कर्जदाराचे देणे कायम राहते आणि वसुलीचा हक्कही. सरकारी मराठीत यास 'निर्लेखन' म्हणतात. हा शब्द ऐकून कोणास अधिक उलगडा होत असेल, तर तो आम्हांस अद्याप भेटावयाचा आहे. गृहस्थांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "म्हंजे वहीतून काढलं, अंगावरून नाई." इतके नेमके भाषांतर आमच्या कोणत्याही कोशात नाही. "पन वसूल खरंच करते का ते?" असे त्यांनी पुढे विचारले, तो प्रश्न व्याकरणाचा नव्हता. ते कात्रण घडी घालून घेऊन गेले.

तेव्हापासून आम्ही वर्गात याद्या पाठ करविणे सोडले आहे. फळ्यावर इंग्रजी प्रयोग लिहावयाचा आणि पोरांनी आपापल्या घरची मराठी आणावयाची. परवा 'गिव्ह अप' आणि 'गिव्ह इन' ही जोडी होती. पहिल्यास कोणी 'सोडून दिले' म्हटले, कोणी 'हात टेकले'; दुसऱ्यास 'नमते घेतले'. पाठीमागच्या बाकावरून एका मुलाने दोहोंचा अर्थ एकच, असा आग्रह धरला. त्यावर पुसदकडची एक मुलगी उठून म्हणाली, "नाही सर. हात एकट्यानंही टेकता येतात. नमतं घ्यायला समोर कोणीतरी लागतं." त्या दिवशी तास संपल्याची घंटा झाली तरी वाद चालूच होता.