बाहुबलीला मुलांसह एक दिवस

पेढी सांभाळणाऱ्या घरांत मुलांची सुट्टी आणि वडिलांची फुरसत यांची गाठ क्वचितच पडते. कोल्हापूरकरांना मात्र एका दिवसात जाऊन येण्याजोगे कुंभोजचे बाहुबली क्षेत्र लाभले आहे. अंतर सुमारे २७ किलोमीटर. जवळचे रेल्वे स्थानक हातकणंगले.

उन्हे चढण्यापूर्वी पोहोचावे. १९६३ मध्ये स्थापिलेल्या २८ फुटी संगमरवरी मूर्तीसमोर लहानांचा पहिला प्रश्न अंगावर चढलेल्या वेलींविषयी असतो. दुसरा अधिक अवघड: भरताला जिंकल्यावर राज्य सोडले कशासाठी? नफा-तोट्याची भाषा ऐकत वाढणाऱ्या मुलाला याचे उत्तर घाईत देता येत नाही. त्यासाठी वडिलांनी मोबाईल बंद करून पायरीवर तासभर शेजारी बसावे लागते. फोनवर भाव ठरवीत उरकलेले दर्शन मुलांच्या नजरेतून सुटत नाही.

डोंगरावरील श्वेतांबर पार्श्वनाथ मंदिरही अवश्य पाहावे. पंथभेदाची चर्चा त्या दिवसापुरती घरी ठेवावी. समंतभद्र महाराजांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या गुरुकुलात आपल्याच वयाची मुले घरापासून दूर राहून शिकताना दिसतात, आणि गाडीतील खिडकीचे भांडण काही काळ थांबते. कुंभोज गाव हे १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांचे जन्मस्थान. तेही मुलांना सांगावे.

चोविहार पाळणाऱ्यांनी डबे बरोबर न्यावेत आणि सूर्यास्तापूर्वी जेवून परतावे. वाटेत मुले झोपी गेली की मग दुकानात फोन करण्यास हरकत नाही, अर्थात गाडी दुसरा कोणी चालवीत असेल तर.