एका गांवाचें वर्तमानपत्र

आमच्या घरीं वर्तमानपत्र आधीं कोणी वाचावें यावरून जेवढे रुसवेफुगवे झाले, तेवढे दागिन्यांच्या वांटणीवरूनहि झाले नाहींत. प्रथम तें वडिलांच्या हातीं जाई, मग थोरल्या बंधूंच्या, मग आमच्या. आणि दुपारीं स्वयंपाकघर आवरल्यावर घडी विस्कटलेला अंक बायकांच्या वाट्यास येई. पुढें हातोहातीं मोबाइल आले आणि हें भांडण आपोआप मिटलें. जगाची बातमी फुकट मिळूं लागली, तेव्हां जिल्ह्याचें पत्र आम्हीं बंद करून टाकलें. त्या वेळीं हें शहाणपणाचें वाटलें. तें तसें नव्हतें, हें कळण्यास आम्हांस समुद्रापलीकडे जावें लागलें.

२०१९ सालच्या उन्हाळ्यांत आम्ही उभयतां अमेरिकेंत, ओहायो संस्थानांतील यंग्जटाउन येथें चिरंजीवांकडे राहिलों होतों. हें एके काळीं पोलादाचें गांव. १९७७ च्या सप्टेंबरांत तेथील एक मोठा कारखाना बंद करण्याचें जाहीर झालें, हजारों कामगार बेकार झाले, आणि तेव्हांपासून गांवास उतरती कळा लागली. त्या गांवीं 'द व्हिंडिकेटर' नांवाचें दैनिक १८६९ पासून निघत असे. १८८७ पासून तें एकाच घराण्याकडे होतें. आमच्या मुक्कामांतच, जूनअखेर, मालकांनीं जाहीर केलें कीं तोटा आतां सोसवत नाहीं, पत्र चालविणारा गिऱ्हाईकहि मिळत नाहीं. तेव्हां ऑगस्टच्या शेवटीं अंक बंद होईल. १४४ नोकरांचें आणि घरोघर अंक टाकणाऱ्या सुमारें २५० लोकांचें काम त्याबरोबर जाणार होतें.

शेजारीं एक वृद्ध बाई राहत. त्यांच्या यजमानांची मृत्युवार्ता त्याच पत्रांतून कापून त्यांनीं बायबलांत जपून ठेवली होती. त्यांचें समाधान करावें म्हणून आम्हीं म्हटलें, "वॉशिंग्टनची बातमी आतां फोनवरहि कळते."

"वॉशिंग्टनची कळेल," त्या म्हणाल्या, "पण आमच्या शाळामंडळाची कोण सांगेल? त्या सभांना मी जन्मांत गेलें नाहीं. तो बातमीदार मुलगा जात असे, म्हणून मला जावें लागत नसे."

हें उत्तर आमच्या मनांतून गेलें नाहीं. बातमीदार म्हणजे आपल्या वतीनें कंटाळवाण्या सभेंत बसणारा मनुष्य! दहांपैकीं नऊ सभांत लिहिण्याजोगें कांहींच घडत नाहीं; पण तो कोपऱ्यांत बसला आहे, एवढ्या जाणिवेनेंच पुष्कळ गोष्टी घडावयाच्या राहतात. तो नसला म्हणजे काय होतें, याचें उदाहरण त्याच देशांत आहे. लॉस एंजेलिसजवळ बेल नांवाचें सुमारें ३५,००० वस्तीचें गरीब गांव आहे. तेथील सभांकडे बातमीदार फारसे फिरकत नसत. २०१० सालीं 'लॉस एंजेलिस टाइम्स'नें शोध केला, तेव्हां तेथील मुख्याधिकाऱ्याचा वार्षिक पगार आठ लाख डॉलर्सच्या घरांत, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या जवळजवळ दुप्पट, असल्याचें उघडकीस आलें! पुढें त्या गृहस्थांस कारावास घडला. पण गांवकऱ्यांचे पैसे तोंवर कित्येक वर्षें जात राहिले होते.

असें होण्याचें कारण गूढ नाहीं. वाचक जी किंमत देतो तींत बातमीदाराचा पगार कधींच भागत नव्हता. तो घरें, नोकऱ्या, जुन्या मोटारी यांच्या छोट्या जाहिरातींवर भागे. त्या इंटरनेटवर गेल्या आणि खर्चाची कात्री माणसांवर आली. माणसें कमी म्हणून बातम्या कमी, बातम्या कमी म्हणून वाचक कमी, असें तें चक्र आहे. अमेरिकेंतील वर्तमानपत्रांच्या संपादकीय खात्यांत २००८ सालीं सुमारें ७१,००० माणसें होतीं. २०२० मध्यें सुमारें ३१,००० उरलीं. यंग्जटाउनच्या पत्राचें नांव शेजारच्या वॉरन गांवच्या दैनिकानें विकत घेतलें आणि त्या नांवाचा अंक चालू ठेवला, हें खरें. पण जुन्या कचेरींतील बहुतेक खुर्च्या रिकाम्याच झाल्या.

स्वदेशीं परतल्यावर आम्हीं जिल्ह्याचें पत्र पुन्हां सुरू केलें. नांव तेंच, अक्षरांचें वळणहि तेंच; परंतु नगरपालिकेच्या सभेचा जो वृत्तान्त पूर्वीं दोन स्तंभ भरून येई, त्याच्या जागीं आतां पुढाऱ्यांच्या वाढदिवसांचीं छायाचित्रें होतीं. एके दिवशीं तालुक्याचा बातमीदार तरुण घरीं आला. बातमीसाठीं नव्हे, दिवाळीच्या जाहिरातीसाठीं. पूर्वीं या कामावर तिघे होते, आतां तो एकटाच. निश्चित वेतन नाहीं. मिळविलेल्या जाहिरातींवर कमिशन. चहा घेतां घेतां तो म्हणाला, "काका, ज्यांच्या कारभाराविषयीं लिहावयाचें, त्यांच्याच दारीं जाहिरात मागावयास जातों. मग लिहिणार काय?"

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. मालकांचा दोष असेल, काळाचा तर आहेच. पण महिन्याकाठीं थोडे पैसे वांचविणाऱ्या आमच्यासारख्या सुशिक्षित घरांचा त्यांत कांहींच भाग नाहीं, असें कोणत्या तोंडानें म्हणावें? घरांत दहा माणसें, दहा मोबाइल. आणि गांवांतील पाण्याची टाकी तीन वर्षें अपुरी कां, हें दहांपैकीं एकासहि ठाऊक नाहीं!

त्या तरुणास आम्हीं जाहिरात दिली नाहीं. वर्षाची वर्गणी आगाऊ दिली, आणि टाकीविषयीं विचारलें. त्यानें वही काढली. पुढल्या सभेस तो जाणार आहे. या खेपेस त्याच्याबरोबर आम्हीहि जाऊन बसणार आहों.