कुंझुम खिंडीची वाट

हिमाचल प्रदेशात मनालीहून स्पिती खोऱ्यातील काझा येथे जाण्याचा योग आम्हां सात जणांना जुलै २०२२ मध्ये आला. पुढे ताबोचा इ.स. ९९६ मध्ये स्थापन झालेला बौद्ध विहार पाहावा, ही ओढ होती. भाड्याच्या जीपने आम्ही पहाटे चारलाच निघालो. ऑक्टोबर २०२० मध्ये नऊ किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाल्याने रोहतांग खिंडीचा चढ आता टळतो. बोगद्यापलीकडे ग्रांफूनंतर डांबर संपले आणि चंद्रा नदीच्या काठाने दगडगोट्यांची वाट सुरू झाली.

इतक्या लवकर का निघायचे, ते छत्रूच्या पुढे कळले. बर्फाच्या पाण्याचे ओढे तेथे रस्त्यावरूनच वाहतात. ऊन चढले की डोंगरावरचे बर्फ वितळते; सकाळी घोट्याएवढे असलेले पाणी दुपारी गाडी अडवते. आमचे ड्रायव्हर प्रत्येक ओढ्यापाशी उतरून तळचे दगड पाहत आणि पहिल्या गिअरमध्ये, मध्ये न थांबता, गाडी पार नेत.

एका ओढ्यात मात्र चाक रुतले. जवळच रस्त्याचे मजूर काम करीत होते. कोणी झारखंडचे, कोणी नेपाळचे. त्यांनी चाकाखाली दगड रचून जीप काढून दिली. पैसे घेतले नाहीत, चहा मात्र आमच्यासोबत घेतला. त्यांतील एक बाई म्हणाल्या, की मागच्या वर्षीही त्यांनी येथेच भराव घातला होता, हिवाळ्यात तो वाहून गेला. हा रस्ता हिवाळ्यात बर्फाखाली जातो आणि दर उन्हाळ्यात माणसांना तो पुन्हा उभा करावा लागतो.

बातलनंतर वळणावळणाचा चढ चढून कुंझुम खिंड आली. उंची सुमारे ४,५५० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या पावणेतीनपट! चार पावले टाकली तरी धाप लागत होती. वाऱ्यावर पताका फडफडत होत्या. पलीकडे उतरताच लोसर गावची हिरवी शेते दिसली.

जाणाऱ्यांनी आधी मनालीत एक-दोन दिवस राहावे, पाणी भरपूर प्यावे, डोके दुखणे वाढले तर हट्ट न धरता खाली उतरावे. आणि वाटेत मजूर दिसले की गाडी हळू करावी. आपल्या चाकांची धूळ त्यांच्या भाकरीवर पडू नये.