पायवाट आणि परसबाग

सेवानिवृत्तीनंतर वेळ कसा जातो, असे मला पुष्कळजण विचारतात. शाळेत असताना माझा दिवस घंटेच्या ठोक्यांवर चाले. आता पहाटे अजिंक्यताऱ्याच्या चढणीने तासभर फिरून यावे आणि मग घरामागच्या चार वाफ्यांत हाती झारी घेऊन उभे राहावे, असा माझा क्रम आहे. साताऱ्यातील या एवढ्याशा वाटेवर आणि एवढ्याशा बागेत वर्षाचे सहाही ऋतू मला भेटून जातात.

चैत्रात पिंपळाला तांबूस पालवी फुटते आणि कडुलिंबाच्या बारीक फुलांचा मंद गंध वाटेवर दरवळतो. वैशाखातील उन्हाने सारे करपून गेले असता बहाव्याचे पिवळे घोस मात्र डौलाने झुलत असतात. मग पावशा ‘पेरते व्हा’ असा घोष करू लागतो. 7 जूनच्या सुमारास सूर्य मृग नक्षत्रात प्रवेश करतो. पहिल्या सरी पडून गेल्या, की मखमलीसारखे लाल मृगाचे किडे ओल्या मातीवर हिंडताना दिसतात. भाद्रपदात बांधाबांधावर तेरडा फुलतो. साताऱ्याजवळच्या कासच्या पठाराचा 2012 साली जागतिक वारसास्थळांत समावेश झाला. तेथील फुले पाहण्यासाठी लोक दुरून येतात, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्याने आपल्या कुंपणाजवळचा तेरडा कधी न्याहाळला नाही, त्याला ते पठारही अर्धेच दिसेल.

वाटेने मला पाहावयास शिकविले, तर बागेने वाट पाहावयास शिकविले. माघात मोगऱ्याची छाटणी करावी, तेव्हा कोठे उन्हाळ्यात ओंजळभर कळ्या हाती येतात. शेवंतीची रीत आणखी निराळी. रात्र मोठी होऊ लागल्याशिवाय ती कळी धरत नाही. एके वर्षी आमच्या कुंपणापाशी रस्त्यावरचा नवा दिवा आला. त्याचा उजेड रात्रभर एका वाफ्यावर पडे. इतर वाफ्यांतील शेवंती कळ्यांनी लगडली, तरी त्या वाफ्यातील रोपे नुसती पानेच वाढवीत राहिली. संध्याकाळी गोणपाटाचा आडोसा करू लागलो, तेव्हा काही दिवसांनी तीही कळ्यांवर आली. आपले चांद्र वर्ष सुमारे 354 दिवसांचे, म्हणून मधूनमधून अधिक मास धरून पंचांगाचा सूर्याशी मेळ घालावा लागतो. 2023 साली असाच अधिक श्रावण आला होता. शेवंतीला असे गणित करावे लागत नाही. काळोख किती लांबला, हे तिला आपोआप कळते.

अलीकडे मात्र या क्रमात विघ्ने येऊ लागली आहेत. आंबा मोहोरलेला असताना अवकाळी पाऊस कोसळतो आणि झाडाखाली मोहोराचा सडा पडतो. माणसाच्या गरजाही वाढल्या आहेत. माझ्या वाटेवर एक जुनी काटेसावर होती. फाल्गुनात अंगावर एकही पान नसताना ती लाल फुलांनी पेटून उठे आणि मैना, बुलबुल यांची तेथे जत्रा भरे. रस्ता रुंद करताना ती तोडली गेली. पुढच्या फाल्गुनात मी त्या जागी थांबलो असता शाळेला निघालेला एक मुलगा दिसला. “बाळ, इथली सावर आठवते का रे?” मी विचारले. तो गोंधळून म्हणाला, “गुरुजी, इथे झाड होतं?”

झाड तुटल्याचे दुःख मला होतेच. पण या उत्तराने मी अधिक अस्वस्थ झालो. जे कधी पाहिलेच नाही, ते नाहीसे झाल्याची खंत कोणाला वाटणार? म्हणून, विद्यार्थिमित्रहो, तुमच्या शाळेच्या वाटेवरील निदान एका झाडाशी ओळख करून घ्या. त्याला पालवी केव्हा फुटते, फुले केव्हा येतात, त्यावर कोणते पक्षी उतरतात, हे वर्षभर पाहा. त्यासाठी थोडे सावकाश चालले म्हणजे पुरे.

त्या सावरीचा कापूस वाऱ्यावर उडत असे, तेव्हा मी काही बिया जपून ठेवल्या होत्या. त्या मृगात पेरल्या. दोन रोपे जगली. त्यांतील एक आता जवळच्या शाळेच्या आवारात उभे आहे आणि उन्हाळ्यात त्याला पाणी घालण्याचे काम त्याच मुलाने आपल्याकडे घेतले आहे. त्याच्या खोडावर काटे आले आहेत. फुले येण्यास अद्याप बरीच वर्षे लागतील.